अ‍ॅल्युमिनियम फॉइल : कर बसतो तेव्हा माल कुठे जातो?

अमेरिकेने चिनी मालावर कर वाढवला, भारताने चिनी मालावर कर लावला, युरोपने रशियाच्या मालावर लावला. अशा बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. त्या वाचताना बहुतेकांच्या मनात दोन प्रश्न येतात. हा कर शेवटी भरतं कोण? आणि एवढे कर लावूनही तो माल बाजारात मिळतोच कसा?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला पोलाद किंवा मोटारींपेक्षा अ‍ॅल्युमिनियम फॉइल जास्त सोयीची आहे. ती डब्यातल्या पोळीभोवती असते, गोळ्यांच्या पाकिटाला असते, बिस्किटाच्या वेष्टणात असते. ती जवळजवळ एकाच धातूची बनते आणि त्या धातूचा भाव रोज जाहीर होतो, त्यामुळे हिशोब स्वच्छ मांडता येतो. शिवाय ब्रसेल्स, वॉशिंग्टन आणि नवी दिल्ली या तिन्ही ठिकाणी फॉइलवर कर बसवण्याची प्रकरणं चालली आहेत. ती एकापुढे एक ठेवली की व्यापारी करांची सगळी तऱ्हा समजते.

१. भरणारा एक, सोसणारे तीन

आयात शुल्क म्हणजे सीमेवर माल उतरला की देशातल्याच आयातदाराने आपल्याच सरकारला भरायची रक्कम. परदेशी कारखानदार त्यातला एक पैसाही भरत नाही. समजा, भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने ३०० रुपये किलो भावाने फॉइल मागवली. माल न्हावा शेवा बंदरात आला. शुल्क १० टक्के असेल, तर किलोमागे ३० रुपये हा व्यापारी सीमाशुल्क खात्यात भरतो, तेव्हा त्याचा कंटेनर सुटतो. अधिभार आणि जीएसटी वेगळे. हिशोब सोपा राहावा म्हणून ते बाजूला ठेवू.

पण भरणारा आणि सोसणारा एकच असतो असं नाही. त्या ३० रुपयांचे तीन वाटेकरी होऊ शकतात. गिऱ्हाईक टिकावं म्हणून परदेशी विक्रेता भाव २९० करतो, म्हणजे १० रुपये त्याने सोसले आणि शुल्कही २९ झालं. व्यापारी आपला नफा किलोमागे ५ रुपयांनी कमी करतो, म्हणजे ५ त्याने सोसले. त्या २९मधले उरलेले १४ गिऱ्हाइकाच्या बिलात जातात.

हे प्रमाण ठरतं कसं? कोणाला दुसरा पर्याय आहे त्यावर. गिऱ्हाइकाला तशीच फॉइल देशात किंवा तिसऱ्या देशातून मिळत असेल, तर परदेशी विक्रेत्याला नमतं घ्यावं लागतं. ती दुसरीकडे मिळतच नसेल, तर जवळजवळ सगळा भार गिऱ्हाइकावर पडतो. फॉइलच्या बाबतीत हा पर्यायाचा प्रश्न जाडीवर येऊन ठेपतो. म्हणून आधी जाडी समजून घेऊ.

२. फॉइल किती पातळ असते?

जगभरचे सीमाशुल्क अधिकारी मालाची ओळख आकड्यांनी पटवतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेल्या यादीत ७६वा विभाग अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्यातलं ७६०७ हे शीर्षक फॉइलचं. तिची व्याख्या जाडीवरच उभी आहे. मागे चिकटवलेला कागद किंवा प्लॅस्टिक सोडून जाडी ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर फॉइल, त्याहून जास्त असेल तर पत्रा. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. म्हणजे फॉइलची वरची मर्यादा २०० मायक्रॉन.

या मर्यादेच्या आत बरीच विविधता आहे. एअर कंडिशनरच्या आतल्या पात्यांची फॉइल साधारण १०० मायक्रॉनची असते. गोळ्यांच्या पाकिटामागची २० ते २५. स्वयंपाकघरातली साधारण १० ते १८. दुधाच्या किंवा फळांच्या रसाच्या खोक्यात, मसाल्याच्या पुडीत कागद-प्लॅस्टिकच्या थरांमध्ये दडलेली फॉइल ६ ते ७ मायक्रॉनची. या शेवटच्या प्रकाराला धंद्यात कन्व्हर्टर फॉइल म्हणतात, कारण वेष्टणं बनवणारे कारखाने तिच्यावर छपाई करून, थर चिकटवून तिचं रूपांतर करतात.

इतकी पातळ फॉइल करण्याची युक्ती घडीची पोळी करणाऱ्यांना लगेच कळेल. एकच थर शेवटपर्यंत लाटत नेला तर तो फाटतो. म्हणून शेवटच्या फेरीत दोन थर एकत्र, मध्ये थोडं तेल ठेवून, पोलादी रुळांमधून काढतात आणि नंतर पोळीच्या पदरांसारखे सोडवतात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकींना लागलेल्या बाजू मंद राहतात. अन्न चकचकीत बाजूला ठेवायचं की मंद, हा घरोघरी चालणारा वाद त्यामुळे निरर्थक आहे. दोन्ही बाजू सारख्याच.

आता थोडं गणित. अ‍ॅल्युमिनियमच्या एका घनमीटरचं वजन २,७०० किलो. त्यावरून ६ मायक्रॉनच्या एक टन फॉइलचं क्षेत्रफळ निघतं सुमारे ६१,७०० चौरस मीटर. एक मीटर रुंदीची पट्टी धरली तर ती ६१ किलोमीटरहून लांब होईल. एवढ्या लांबीत कुठे छिद्र पडू द्यायचं नाही, जाडी कुठे कमी-जास्त होऊ द्यायची नाही, हे कसब सगळ्या कारखान्यांकडे नसतं. स्वयंपाकघरातली फॉइल पुष्कळ देशांत बनते, कन्व्हर्टर फॉइल फार कमी ठिकाणी चांगली बनते. आधीच्या विभागातला पर्यायाचा प्रश्न इथे येऊन भिडतो.

३. धातूचा भाव आणि लाटण्याची मजुरी

फॉइलच्या किमतीचे ठळक भाग दोन : धातूची किंमत आणि तो वितळवून, ओतून, लाटून फॉइल करण्याची मजुरी. धातूचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर ठरतो आणि तो थोड्याफार फरकाने जगभर सारखाच असतो. त्यामुळे दोन देशांतल्या कारखान्यांची खरी चढाओढ लागते ती मजुरीच्या भागात.

समजा, एक टन धातूची किंमत २,५०० डॉलर आणि लाटण्याची मजुरी १,००० डॉलर. एकूण ३,५००. आता एखाद्या सरकारने निर्यात होणाऱ्या फॉइलवर १३ टक्के परतावा दिला, तर तो ४५५ डॉलर होतो. एकूण किमतीच्या मानाने तो आठवा हिस्सा, पण जिथे स्पर्धा आहे त्या १,००० डॉलरांच्या मानाने जवळजवळ निम्मा. फॉइलच्या व्यापारात थोड्या टक्क्यांवरून एवढी भांडणं का होतात, ते या गणितातून उलगडतं.

१३ टक्क्यांचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. चीन निर्यातीच्या फॉइलवर मूल्यवर्धित कराचा इतका परतावा देत असे. निर्यातीवरचा देशांतर्गत कर परत देणं यात वावगं काही नाही. भारतासह बहुतेक देश ते करतात. आक्षेप होता तो निवडक परताव्यावर. चीनमधून अ‍ॅल्युमिनियमच्या कच्च्या लाद्या बाहेर पाठवल्या तर परतावा मिळत नसे, उलट निर्यात कर भरावा लागे. तोच धातू लाटून फॉइल म्हणून पाठवला तर परतावा मिळे. साहजिकच धातू देशात राहिला आणि फॉइल, पत्रे, पट्ट्या होऊन बाहेर पडला.

हा धातूही थोडाथोडका नव्हे. जगात निघणाऱ्या नव्या अ‍ॅल्युमिनियमपैकी सुमारे ६० टक्के एकट्या चीनमध्ये तयार होतं. क्षमता बेसुमार वाढू नये म्हणून चीनने २०१७मध्ये वर्षाला सुमारे ४.५ कोटी टनांची मर्यादा घालून घेतली. फॉइलवरचा १३ टक्के परतावा १ डिसेंबर २०२४पासून चीनने स्वतःच बंद केला. पण तोपर्यंत बाकीच्या जगाने आपापल्या सीमेवर भिंती उभ्या केल्या होत्या.

४. करांचे चार प्रकार

बातम्यांत सगळ्यांनाच टॅरिफ म्हणतात. पण फॉइलवर बसणारे कर चार वेगळ्या कारणांनी बसतात आणि कारण बदललं की नियमही बदलतात.

पहिलं साधं आयात शुल्क. ते अर्थसंकल्पात ठरतं आणि सर्वसाधारणपणे सगळ्या देशांच्या मालाला लागू असतं. भारताने २०१६-१७च्या अर्थसंकल्पात प्राथमिक अ‍ॅल्युमिनियमवरचं शुल्क ५वरून ७.५ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमच्या इतर मालावरचं ७.५वरून १० टक्के केलं, ते या प्रकारातलं.

दुसरं डंपिंगविरोधी शुल्क. कारखानदार आपल्या देशात ४०० रुपयांना विकतो तीच फॉइल दुसऱ्या देशात ३२० रुपयांना विकत असेल, तर त्याला डंपिंग म्हणतात. फरक ८० रुपयांचा, म्हणजे निर्यात किमतीच्या २५ टक्के. मात्र नुसता फरक दाखवून भागत नाही. त्यामुळे आपल्या उद्योगाचं नुकसान झालं, हेही सिद्ध करावं लागतं. इथे भारत आणि अमेरिका यांच्या वाटा वेगळ्या होतात. नुकसान भरून यायला १५ टक्के पुरत असतील, तर भारत १५च लावतो. अमेरिका पूर्ण २५ लावते. हे शुल्क साधारण पाच वर्षांसाठी असतं, फेरतपासणीनंतर वाढवता येतं.

तिसरं अनुदानाविरुद्धचं शुल्क. परदेशी सरकारने आपल्या कारखान्याला स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन किंवा स्वस्त वीज दिली, तर त्या मदतीइतका कर आयात करणारा देश लावू शकतो. एकाच मालावर दुसरं आणि तिसरं ही दोन्ही शुल्कं एकत्र बसू शकतात.

चौथा कर राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली. अमेरिकेच्या १९६२च्या व्यापार विस्तार कायद्यातलं कलम २३२ राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार देतं. इथे डंपिंग किंवा अनुदान दाखवावं लागत नाही. आयातीमुळे देशाची सुरक्षा धोक्यात येते, एवढा निष्कर्ष पुरतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा कर लावताना मालाचं वर्णन फार काटेकोर लिहावं लागतं : जाडी इतकी ते इतकी, रुंदी इतकी, गुंडाळीचं वजन इतकं, मूळ देश अमुक. या वर्णनात बसेल त्यालाच कर. फॉइल लाटून, कापून, गुंडाळून हवी तशी बदलता येते. म्हणून या वर्णनाच्या कडेवरून निसटून जायला फॉइलइतका सोयीचा माल क्वचितच सापडेल. आता दोन खऱ्या प्रकरणांत तेच पाहू.

५. युरोप : मोठी गुंडाळी, छोटी गुंडाळी, रुंद गुंडाळी

युरोपीय संघाने २००९मध्ये घरगुती फॉइलवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं. चीनला कंपनीनुसार ३० टक्क्यांपर्यंत, ब्राझीलला १७.६ आणि आर्मेनियाला १३.४ टक्के. वर्णन असं होतं : जाडी ८ ते १८ मायक्रॉन, रुंदी ६५० मिलिमीटरपर्यंत, गुंडाळीचं वजन १० किलोपेक्षा जास्त. या मोठ्या गुंडाळ्या युरोपातले छोटे कारखाने विकत घेत, त्यांचे दुकानात विकायचे रोल करत आणि खोक्यांत भरत.

कर मोठ्या गुंडाळीवर होता, छोट्या रोलवर नव्हता. मग चीनमधूनच थेट छोटे, तयार रोल येऊ लागले. आता अडचणीत आले ते रोल करणारे युरोपी कारखाने. त्यांचा कच्चा माल महागला आणि समोर परदेशी तयार माल उभा राहिला. शेवटी २०१३मध्ये युरोपने १० किलोपर्यंतच्या छोट्या रोलवरही वेगळं शुल्क लावलं : कंपनीनुसार १४.२ ते ३५.६ टक्के.

त्यानंतर वर्णनाच्या दुसऱ्या कडा वापरात आल्या. ६५० मिलिमीटरपेक्षा रुंद गुंडाळी आणायची आणि युरोपात आल्यावर कापायची. किंवा ८ मायक्रॉनच्या जरा खाली, १८च्या जरा वर अशी जाडी ठेवायची. पोळी गुंडाळणाऱ्याला हा फरक कळणारही नाही, पण कागदोपत्री माल वर्णनाबाहेर जातो. किरकोळ बदल केलेल्या अशा फॉइललाही तोच कर लागू करणारा आदेश युरोपने २०१७मध्ये काढला. दरम्यान २०१५च्या शेवटी रशियाच्या फॉइलवरही १२.२ टक्के शुल्क बसलं होतं. आणि २०२१मध्ये चीनच्या कन्व्हर्टर फॉइलचीही पाळी आली.

असा बदललेला माल आणणं म्हणजे कायदा मोडणं, असं म्हणता येत नाही. कर चुकवणं वेगळं आणि कराच्या वर्णनात न बसणारा माल बनवणं वेगळं. पण दुसऱ्या प्रकाराचा परिणाम सरकारला पहिल्यासारखाच दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी वर्णन रुंदावतं.

६. अमेरिका : देश बदलणारी फॉइल

युरोपात मालाचं रूप बदललं. अमेरिकेच्या प्रकरणात मुख्यतः देश बदलला.

मार्च २०१७मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅल्युमिनियम असोसिएशनने चिनी फॉइलविरुद्ध तक्रार केली. या जुन्या संघटनेने अशी तक्रार करण्याची ही पहिलीच वेळ. याच तपासात अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने चीन ही बाजारव्यवस्था नाही, हा आपला निष्कर्ष ऑक्टोबर २०१७मध्ये पुन्हा पक्का केला. त्याचा अर्थ असा की चीनमधल्या देशांतर्गत किमती हिशोबात धरायच्याच नाहीत, त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या देशातल्या खर्चावरून योग्य किंमत काढायची. असं केलं की डंपिंगचा आकडा सहसा फुगतो. २०१८मध्ये अंतिम आकडे आले : डंपिंगसाठी सुमारे ४९ ते १०६ टक्के आणि अनुदानासाठी सुमारे १७ ते ८१ टक्के. दोन्ही एकावर एक. एप्रिल २०१८पासून ते पक्के झाले. त्याच सुमारास, २३ मार्च २०१८पासून, कलम २३२खाली बहुतेक देशांच्या अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के कर बसला होता. त्यात फॉइलही होती.

अमेरिकेच्या वर्णनातही वजनाची कड होती. २५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११ किलोंपेक्षा जड गुंडाळ्यांनाच हे शुल्क होतं आणि आकार देऊन कापलेली फॉइल वगळली होती.

चिनी फॉइल मागे हटल्यावर जागा रिकामी राहिली नाही. सप्टेंबर २०२०मध्ये अमेरिकी कारखानदारांनी आणखी पाच देशांविरुद्ध तक्रार केली : आर्मेनिया, ब्राझील, ओमान, रशिया आणि तुर्कस्तान. नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांच्यावरही शुल्क बसलं. या यादीतला आर्मेनिया पाहण्यासारखा आहे. जेमतेम ३० लाख वस्तीच्या या देशात फॉइलचा एक मोठा कारखाना आहे, राजधानी येरेवानमधला, रशियाच्या रुसाल कंपनीचा आर्मेनल. एका कारखान्यामुळे हा देश आधी ब्रसेल्सच्या आणि मग वॉशिंग्टनच्या आदेशात आला.

पुढचा टप्पा दक्षिण कोरिया आणि थायलंडचा. चीनहून पत्रा किंवा जाडसर फॉइल तिथे न्यायची, शेवटची लाटणी तिथे करायची आणि माल कोरियाचा किंवा थायलंडचा म्हणून अमेरिकेला पाठवायचा, हा मार्ग म्हणजे शुल्काला दिलेली बगल आहे, असा निष्कर्ष वाणिज्य विभागाने नोव्हेंबर २०२३मध्ये काढला. त्यानंतर २०२४मध्ये तक्रार आली ती फॉइलच्या पुढच्या रूपाविरुद्ध : चीनमधून येणारे वापरून टाकायचे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे आणि डबे. त्यावर २०२५मध्ये शुल्क लागलं.

आणि २०२५मध्येच कलम २३२खालचा सर्वसाधारण कर १२ मार्चला २५ टक्के आणि ४ जूनला ५० टक्के झाला. ब्रिटनला २५ टक्क्यांवरच ठेवलं. भारतीय फॉइलला मात्र ५० टक्के लागू झाले. नुसत्या धातूवर कर ठेवला तर लोक धातूऐवजी त्याच्या तयार वस्तू आणतात, हे युरोपच्या अनुभवातून दिसलंच होतं. म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये पोलाद व अ‍ॅल्युमिनियम असलेल्या ४०७ प्रकारच्या वस्तू एकदम यादीत घातल्या गेल्या.

७. भारत : दोन पैसे आणि ७५ लाख रुपये

भारतात ही चौकशी व्यापार उपाय महासंचालनालय करतं आणि शुल्क लावायचं की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं. मे २०१७मध्ये चिनी फॉइलवर किलोमागे ०.६९ ते १.६३ डॉलर असं शुल्क पाच वर्षांसाठी लागलं. मार्च २०२५मध्ये पुन्हा, सहा महिन्यांसाठी तात्पुरतं, टनाला कमाल ८७३ डॉलर. त्याच वेळी चीनच्या थर्मासवरही शुल्क बसलं, म्हणून ती बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल.

शुल्क टक्क्यांत न लावता वजनावर का? विक्रेत्याने बिलावर किंमत कमी दाखवली की टक्क्यांतला करही कमी होतो. किलोवर लावलेला कर वजन खोटं सांगितल्याशिवाय कमी होत नाही, आणि वजन बंदरात मोजता येतं.

या शुल्काने कोणाचं किती बिघडतं ते पाहू. त्या वेळच्या दराने टनाला ८७३ डॉलर म्हणजे किलोला सुमारे ७५ रुपये. दहा गोळ्यांच्या एका पाकिटामागे १० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि २५ मायक्रॉन जाड फॉइल धरू. तिचं वजन भरतं ०.२७ ग्रॅम. त्यावर वाढलेला खर्च : दोन पैसे. औषध घेणाऱ्याला तो जाणवणारही नाही. पण औषधांच्या वेष्टणासाठी महिन्याला १०० टन फॉइल आयात करणाऱ्या कारखान्याचा खर्च महिन्याला ७५ लाख रुपयांनी वाढतो. आणि देशात फॉइल लाटणाऱ्या कंपनीला तेवढाच भाव वाढवून मागायला जागा मिळते.

म्हणून या चौकशांत दोनच आवाज मोठे असतात. एका बाजूला फॉइल लाटणारे. मुंबईत मुख्यालय असलेली हिंडाल्को त्यातली मोठी कंपनी. तिचा एक लाटणी कारखाना नवी मुंबईजवळ तळोज्याला आहे, एक नागपूरजवळ मौद्याला, आणि कोल्हापूरच्या डोंगरांतलं बॉक्साइट वर्षानुवर्षं तिच्या बेळगावच्या कारखान्यात जात आलं. दुसऱ्या बाजूला त्या फॉइलवर छपाई करणारे, थर चिकटवणारे, वेष्टणं बनवणारे. शेवटचा ग्राहक या सुनावणीला येत नाही. दोन पैशांसाठी कोण वकील लावणार?

८. मग करांनी साधतं काय?

काहीच साधत नाही, असं नाही. अमेरिकेत शुल्क लागल्यावर स्वीडनच्या ग्रँगेस कंपनीने आर्कान्सा राज्यात न्यूपोर्टचा पातळ फॉइलचा कारखाना पुन्हा सुरू केला. लाटणीचा कारखाना उभारायला वर्षं लागतात आणि भाव कधीही कोसळेल अशी भीती असताना तेवढा पैसा कुणी गुंतवत नाही. ती भीती शुल्काने कमी होते.

पण याची दुसरी बाजू अमेरिकेतल्याच वेष्टण उद्योगाने २०१७मध्ये मांडली होती. आम्हाला लागणारी अतिपातळ फॉइल देशात पुरेशी आणि हव्या त्या दर्जाची बनतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. इथे पहिल्या विभागातला नियम लागू पडतो. पर्याय नसेल तिथे कर देशातल्या गिऱ्हाइकावरच बसतो. एकाच आदेशात जाड फॉइलवाल्याला संरक्षण मिळू शकतं आणि पातळ फॉइल वापरणाऱ्याला दंड.

तेव्हा अशी बातमी वाचताना पाच गोष्टी विचाराव्यात. कर कोणत्या प्रकारचा आहे? वर्णनात नेमका कोणता माल आहे? वर्णनाच्या लगेच बाहेर कोणता माल आहे? तो माल दुसऱ्या कोणत्या देशातून येऊ शकतो? आणि कर लागलेला माल कच्चा म्हणून वापरणारे देशातले उद्योग कोणते?

हे प्रश्न एका नव्या कराला लावून पाहू. १ जानेवारी २०२६पासून युरोपीय संघाची कार्बन सीमा यंत्रणा प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली आणि तिच्या यादीत फॉइलही आहे. हा पाचवाच प्रकार म्हणायचा : देशावर नाही, जाडीवर नाही, माल बनवताना बाहेर पडलेल्या कार्बनवर. आता वर्णन तपासा. एक टन अ‍ॅल्युमिनियम तयार करायला साधारण १४,००० युनिट वीज लागते. भारत आणि चीनमध्ये ती मुख्यतः कोळशावर तयार होते आणि धातूचा सर्वांत मोठा कार्बन तिथेच निघतो. पण युरोप सध्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत कारखान्यातून थेट निघणारा कार्बनच मोजतो. विजेचा मोजत नाही. शिवाय वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. मायक्रॉन, मिलिमीटर आणि किलोंच्या कडांवर फॉइलने काय केलं ते आपण पाहिलं. या दोन नव्या कडांवरही तेच घडेल, आणि विजेचा कार्बन मोजायचा की नाही यावरून होणारा वाद आतापर्यंतच्या सगळ्या फॉइल प्रकरणांपेक्षा मोठा असेल. कारण त्यात फॉइल लाटणाऱ्यांबरोबर धातू तयार करणारेही येतील.